परतीची मूठ

हातपाय गेलेल्या माणसाकडे वाचायला वेळ भरपूर असतो, पण त्याला पान उलटता येत नाही. म्हणजे हे बहुधा कोणीतरी तुम्हाला वाचून दाखवत असेल. वाचणाऱ्याला आधी चहा घेऊ द्या. त्याचेही हाल तुमच्याइतकेच चालले आहेत, फक्त ते कोणी विचारत नाही.

मी सुनंदा. जळगावला मेहरूण भागात राहते आणि मुलींच्या एका वसतिगृहाची रेक्टर आहे. मला जीबीएस हा नसांचा आजार झाला होता. आधी पाय जातात, मग हात, आणि नशीब वाईट असेल तर श्वास. बहुतेकांचं सगळं हळूहळू परत येतं. हे शेवटचं वाक्य रोज स्वतःला ऐकवा. बाकीची माहिती डॉक्टरांना विचारा, मोबाइलवर शोधू नका. मी शोधली होती. रडण्यापलीकडे तिचा काही उपयोग झाला नाही.

मी लिहिणार आहे ते दवाखान्याच्या कागदांवर नसतं त्याबद्दल.

एक चप्पल

थंडीचे दिवस होते. आधीच्या आठवड्यात पोट बिघडलं होतं, ते मी मनावर घेतलं नाही. मग तळपायाखाली कोणी रवा पसरल्यासारखं वाटायला लागलं. तेही मनावर घेतलं नाही. वसतिगृहात मुलींच्या पालकांचा मेळावा होता आणि मला कामं होती.

त्या सकाळी स्वयंपाकघरात शिरले तर पोळ्या लाटणाऱ्या मावशी माझ्या पायांकडे बघत राहिल्या.

"मॅडम, दुसरी चप्पल कुठं टाकली?"

मी खाली पाहिलं. एक पाय अनवाणी होता. फाटकापासून खडीवरून चालत आले होते आणि मला काही कळलं नव्हतं. मावशी हसल्या, मीही हसले, आणि कोठीघर उघडायला गेले. किल्ली कुलपात गेली, पण फिरेना. कुलपाला तेल घाला असं मी ओरडले. मावशींनी किल्ली माझ्या हातातून घेतली आणि दोन बोटांनी फिरवली. कुलूप चांगलं होतं.

माझे यजमान मनोहर एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले आहेत. यापुढे त्यांना मी नेहमीप्रमाणे 'हे' म्हणते. यांनी मला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टर एक तरुण मुलगी होती. तिने गुडघ्यावर हातोडी मारली. पाय हललाच नाही. तिने पुन्हा मारली.

"आजच दाखल व्हा," ती म्हणाली.

"सोमवारी आले तर चालेल? शनिवारी पालक येणार आहेत."

"सोमवारी तुम्हाला उचलून आणावं लागेल, काकू."

ती रागावून बोलली नाही, म्हणून जास्त भीती वाटली. निदान झालं तो दिवस म्हटलं की मला तिचा चेहरा आठवत नाही. मावशींच्या पिठाच्या बोटांत सहज फिरलेली ती किल्ली आठवते.

आमच्याकडची मूठ

आता आमच्या मंडळीतली एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही.

आमच्या चर्चमधली प्रत्येक बाई दळण काढताना किंवा भात टाकताना एक मूठ धान्य वेगळ्या डब्यात टाकते. महिन्याच्या पहिल्या रविवारी ते डबे उपासनेला येतात आणि सगळं धान्य एकत्र होतं. मग ज्या घरात आजारपण आहे तिथे दोन बायका पिशवी घेऊन जातात, प्रार्थना करतात, धान्य देतात. याला आम्ही नुसतं 'मूठ' म्हणतो. जिच्या घरी मूठ जाते तिने त्याच धान्यातली एक मूठ आपल्या हाताने पिशवीत परत टाकायची. ती परतीची मूठ. आमच्या सासवांच्या आधीपासून असंच चालत आलं आहे.

गेली कित्येक वर्षं ही मूठ मी सांभाळत होते. ज्वारी निवडून घेणं, किडका तांदूळ बाजूला काढणं, कोणाकडे जायचं ते ठरवणं. एखादीचा डबा अर्धा दिसला की मी सगळ्यांसमोर म्हणायचे, "मूठ म्हणजे मूठ, चिमूट नाही." बायका हसायच्या. काही हसायच्या नाहीत.

विमलबाई न हसणाऱ्यांतल्या. मूळच्या धुळ्याच्या, आवाज मोठा, गाताना सूर कायम वरच्या पट्टीत आणि शब्द सगळ्यांच्या पुढे. त्यांचे यजमान अंथरुणाला खिळले होते तेव्हा मी त्यांच्याकडे सारखी मूठ नेत असे. विमलबाई परतीची मूठ टाकायच्या ती गच्च भरलेली असायची, धान्य बोटांमधून खाली पडायचं. मला तेही आवडायचं नाही. खरं सांगायचं तर मला त्या बाईचंच काही आवडायचं नाही. मंडळीत एकमेकांवर प्रीती करायची असते, ती मी करत होते. जवळ बसायचं तेवढं टाळत होते.

भाकरीच्या ओळीपाशी

डॉक्टरांचा अंदाज खरा ठरला. सोमवारी मला कूस बदलता येत नव्हती. मान उचलता येत नव्हती. यांनी चमच्याने पाणी पाजलं तर ते गालावरून उशीवर गेलं.

आयसीयूत त्याच तरुण डॉक्टर दिवसातून अनेकदा येत आणि सांगत, "एका दमात आकडे म्हणा." किती लांब जाता येतं त्यावरून श्वास किती उरलाय ते त्यांना कळायचं. मला आकडे नको वाटत होते. कालच्यापेक्षा आज किती कमी, हा हिशेब मी लगेच करणार हे मला माहीत होतं. मी विचारलं, "दुसरं काही म्हटलं तर?"

"काहीही म्हणा. गाणं म्हणा. फक्त मध्ये श्वास घ्यायचा नाही."

म्हणून मी प्रभूची प्रार्थना म्हणायला लागले. लहानपणापासून पाठ, झोपेतही म्हणता येईल अशी. पहिल्या दिवशी एका दमात क्षमेच्या ओळीच्या पुढे गेले. दुसऱ्या दिवशी क्षमेच्या ओळीतच अडकले. तिसऱ्या दिवशी तिच्या आधीची, 'आमची रोजची भाकर आज आम्हांस दे' ही ओळ आली आणि तिथेच माझा दम संपला. डॉक्टर सिस्टरांकडे वळून हळू आवाजात काही बोलल्या. श्वासाचं यंत्र पलंगाजवळ आणून ठेवलं गेलं.

"ते कशाला?" मी विचारलं.

"जवळ असलेलं बरं," सिस्टर म्हणाल्या. त्यांना खोटं बोलता येत नव्हतं.

इथे थोडं माझ्या प्रार्थनेबद्दल. मी रोज प्रार्थना करणारी बाई आहे. पण माझी प्रार्थना म्हणजे स्वयंपाकाच्या मावशींना सकाळी कामं सांगावीत तशी होती. प्रभू, अमक्याचं ऑपरेशन आहे तिकडे लक्ष दे. तमक्या मुलीची परीक्षा आहे. बाकीचं मी बघते. हे शेवटचं वाक्य मी तोंडाने कधी म्हटलं नाही, पण ते प्रत्येक प्रार्थनेत असायचं. देवावर अवलंबून राहावं असं मी महिलांच्या सभेत कितीदा सांगितलं आहे! घरी मात्र माझ्या कोठीत तीन महिन्यांचं धान्य भरलेलं असे, आणि माझा भरवसा त्या कोठीवर होता.

आता बघायला माझ्याकडे काहीच उरलं नव्हतं. हात जोडायचे तर हात छातीपर्यंत येत नव्हते. आमच्या चर्चचे पाळकसाहेब भेटायला आले. मी म्हणाले, "मला प्रार्थनाही करता येत नाही हो." ते म्हणाले, "आज तुम्ही करूच नका, सुनंदाबाई. आज आम्ही करतो, तुम्ही पडून राहा." मला राग आला. आपल्याला रजेवर पाठवलं असं वाटलं.

पण राग करायलाही दम लागतो. तो नव्हता. त्या दुपारी मी पडून होते, यंत्र पलंगापाशी उभं होतं, आणि माझ्याजवळ फक्त भाकरीच्या ओळीपर्यंतचा श्वास होता. मग माझ्या लक्षात आलं की ती ओळ आजच्यापुरतीच मागते. कोठीभर मागत नाही. इतकी वर्षं मी ती ओळ म्हणत होते आणि कोठी भरत होते. मी म्हटलं, ठीक आहे. आज एवढा श्वास दे. पुढच्या ओळींचं तू बघ.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर आल्या. मी म्हटलं. पुन्हा भाकरीपाशीच थांबले. मला वाटलं, संपलं. पण त्या हसल्या. "काल इथेच थांबला होतात ना? मग घसरला नाहीत. मला आज एवढंच हवं होतं."

मग कितीतरी दिवस मी भाकरीपाशीच होते. यंत्र तसंच उभं राहिलं, त्याची नळी माझ्या घशात गेली नाही. ज्यांच्या गेली, ते माझ्यापेक्षा कमी विश्वासू होते असं मी म्हणणार नाही. माझ्या पलीकडच्या पलंगावर एक भला माणूस होता, तो गेला. त्याच्यासाठीही लोक प्रार्थना करत होते. देवाने मला धडा शिकवायला हा आजार दिला असं काही पाहुणे मला सांगून गेले. मला तसं वाटत नाही. कोणी तुम्हाला असं सांगितलं तर त्यांना सांगा, माझी विश्रांतीची वेळ झाली आहे.

धरणगावची सून

आयसीयूतून वॉर्डात आले तेव्हा हे घरी आंघोळीला गेले होते आणि जेवणाचं ताट माझ्यासमोर आलं. ताटात वरण-भात होता. मी त्याच्याकडे बघत होते, तो माझ्याकडे. ताट वाढणारा निघून गेला.

शेजारच्या पलंगावर धरणगावची एक म्हातारी होती. तिची सून सुरेखा तिला भरवत होती. घरची कापसाची शेती, वेचणी अर्धवट टाकून आलेली. तिने तिथूनच विचारलं, "ताई, तुमचं माणूस कुठं गेलं?"

"येतील आता. मला भूक नाही."

"भूक नाही तर ताटाकडे अशी काय बघता?" ती ताट घेऊन मधल्या स्टुलावर बसली आणि भात कालवायला लागली. मी तोंड मिटून घेतलं. अनोळखी बाईच्या हातचा घास, तोही सासूला भरवून उष्ट्या झालेल्या हाताने. ती थांबली. मग तिच्या अहिराणी बोलीत म्हणाली, "कसाले लाजतस, ताई? गरम शे तवलोंग खाई ल्या. एक घास तुमले, एक मनी सासूले. हात ते एकच शे."

म्हातारी पलंगावरून ओरडली, "पहिले माले!"

मी तोंड उघडलं. वरणात मीठ कमी होतं. तो घास मी विसरणार नाही.

वॉर्डातली दिनचर्या सांगायची तर: पहाटे अंग पुसणं, मग भांडं, मग इंजेक्शन, मग वाट बघणं. भांडं देणाऱ्या मावशी पडदा ओढायला विसरायच्या. पहिल्यांदा मी डोळे मिटून घेत असे, जणू मला दिसलं नाही तर कोणालाच दिसणार नाही. नंतर मी सरळ म्हणायला शिकले, "मावशी, पडदा." लाज सोडावी लागते असं लोक सांगतात. सोडू नका. फक्त मागायला शिका.

पिशवी

घरी आणलं तेव्हा माझा पलंग बाहेरच्या खोलीत टाकला होता. धुळ्याहून माझी मोठी बहीण, अक्का, आली होती. पण तिचे गुडघे दुखतात, ती मला उचलू शकत नव्हती. उचलण्याचं सगळं यांच्यावर.

मंडळीतल्या बायका डबे पाठवायला लागल्या. मी यांना सांगितलं, "नको म्हणावं. आपल्याकडे सगळं आहे." भेटायला येतो म्हणाल्या, तर म्हटलं, "थोडी बरी झाले की या." घरात माझ्या तोंडाला लागलेली लाळ यांना पुसावी लागते, हे त्यांनी बघावं असं मला वाटत नव्हतं.

एका दुपारी विमलबाई दुसऱ्या एका बाईला घेऊन आल्याच. हातात पिशवी होती. मी ती लांबूनच ओळखली, कारण तिचे बंद मीच शिवले होते.

"मूठ आणलीय, बाई. दादर आहे, निवडून आणलीय."

दादर म्हणजे आमच्याकडची रब्बीची ज्वारी, भाकरीला उत्तम.  मी म्हणाले, "विमलबाई, आम्हाला नको. ज्यांना गरज आहे त्यांना द्या."

"तुम्हाला नाही का गरज?"

"धान्याची नाही. कोठी भरलेली आहे."

विमलबाईंनी आवाज खाली आणला. हेच मुळात नवीन होतं. मग म्हणाल्या, "मूठ आजाराच्या घराला जाते ना? गरिबाच्या घराला जाते असं कोणी ठरवलं?"

मी छताकडे बघितलं.

"बरं," त्यांनी पिशवी उचलली. "म्हणजे आमचे हे आजारी होते तेव्हा तुम्ही आमची गरिबी बघून यायच्या. मला वाटत होतं, आजार बघून येता."

त्या प्रार्थना न करता गेल्या. अक्का स्वयंपाकघरातून बाहेर आली. "मूठ परत पाठवली तू?" ती म्हणाली. "आपल्या आईनेसुद्धा कधी पाठवली नाही. आणि आपल्याकडे तेव्हा दोन दोन कोठ्या होत्या." मी तिला म्हटलं, मला झोपायचं आहे. झोप आली नाही.

यांची कंबर

डबे थांबले. भेटी थांबल्या. मला हवं होतं तसंच झालं.

मग एका सकाळी मला पलंगावरून खुर्चीत बसवताना हे मध्येच थांबले. मी त्यांच्या हातांत अर्धवट लटकलेली, आणि यांच्या तोंडून आवाज आला तो मी लग्नापासून ऐकला नव्हता. कसंबसं मला पलंगावर टाकलं आणि स्वतः जमिनीवर बसले. कंबर धरली होती. उठता येईना.

घरात तीन माणसं आणि उठू शकणारी एकटी अक्का, तीही भिंतीला धरून.

हे कधी बोलत नाहीत. वर्कशॉपमध्येही यांना 'मुके मनोहर' म्हणायचे. जमिनीवरूनच म्हणाले, "सुनंदा, मी एकटा आहे."

"मी आहे ना," मी म्हणाले. सवयीने.

"तू नाहीयेस," हे म्हणाले. "तू पलंगावर आहेस. तुला उचलायला मी आहे. मला उचलायला कोण आहे? तू कोणाला दारात येऊ देत नाहीस."

मग आम्ही दोघं बराच वेळ आपापल्या जागी पडून राहिलो. मी भाकरीची ओळ म्हणायला गेले. पहिल्यांदाच माझ्या लक्षात आलं की ती प्रार्थना 'मी'ची नाही, 'आम्हां'ची आहे. मी भाकर मागत होते आणि ती आणणाऱ्या बाईला दारातून परत पाठवत होते. देव भाकर पाठवतो ती कोणाच्या तरी पिशवीतूनच येणार, आकाशातून पडणार नाही. आणि ती पिशवी कोणाच्या हातात असावी हे तो मला विचारत नाही.

मी अक्काला म्हटलं, "फोन लाव. माझ्या कानाशी धर."

"कोणाला?"

"विमलबाईंना."

फोन उचलला गेला. मी खूप तयारी केली होती, पण तोंडातून एवढंच निघालं, "विमलबाई, आम्हाला कोणी नाही. याल का?"

पलीकडून भांडं आपटल्याचा आवाज आला. "आले," त्या म्हणाल्या. एवढंच. मला टोमणा हवा होता, तो मिळाला नाही. नंतर मिळाला.

केस

विमलबाई त्यांच्या वस्तीतल्या दोन दांडग्या बायकांना घेऊन आल्या. आधी यांना उचलून कॉटवर टाकलं, मग रिक्षातून हाडाच्या डॉक्टरकडे पाठवलं. मग माझ्याकडे वळल्या. माझ्या डोक्याला हात लावला आणि ओरडल्या, "अगं बाई! केस आहेत का सुंभाची दोरी?"

आजारपण सुरू झाल्यापासून माझे केस धुतले गेले नव्हते. हे कसे धुणार? अक्का कशी धुणार? मी कोणाला सांगितलं नव्हतं, पण मला स्वतःच्या डोक्याचा वास येत होता.

मला खुर्चीत बसवून, मान मागे टेकवून, खाली घमेलं ठेवून विमलबाईंनी माझे केस धुतले. शिकेकाईचं पाणी डोळ्यांत गेलं. त्या सबंध वेळ वरच्या पट्टीत गात होत्या. मंडळीत मी ज्या गाण्यासाठी कपाळावर आठ्या घालायचे तेच गाणं. बोटं मात्र हलकी होती. गाठी सोडवताना केसांच्या मुळाशी धरायच्या, म्हणजे दुखू नये. आजारी माणसाचे केस त्यांनी वर्षानुवर्षं विंचरले होते, ते मला तेव्हा आठवलं.

पाणी डोळ्यांत गेल्यामुळे माझे डोळे वाहत होते. शिकेकाईवर मी बरंच ढकललं.

"विमलबाई," मी म्हणाले, "त्या दिवशी मी—"

"मान हलवू नका. पाणी कानात जाईल."

त्यांनी मला तेवढ्यावरच सोडलं. पुसून, वेणी घालून झाल्यावर त्यांनी दाराआडून पिशवी आणली. "ही तुमचीच आहे. कोणाला दिली नाही मी. आता घेता का पुन्हा दारात जाऊ?"

"घेते."

"मग परतीची मूठ?"

मी माझ्या हातांकडे पाहिलं. मांडीवर पडलेले, बोटं थोडी वाकलेली.

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "बाकी ठेवते. हात आला की टाका."

परात

त्या दिवसापासून आमच्या घराचं दार सकाळी उघडायचं ते संध्याकाळीच लागायचं. बायकांनी आपसांत वार ठरवून घेतले. मला विचारलं नाही. एकीचं वरण पातळ, दुसरीच्या भाकऱ्या जाड, तिसरी झाडलोट करताना पलंगाखालचा कचरा तसाच ठेवायची. मला सगळं दिसायचं. मी गप्प बसायला शिकत होते, आणि खरं सांगते, ते चालायला शिकण्यापेक्षा अवघड गेलं. काही दिवशी जमायचं नाही. "अहो, कोपरा!" असं तोंडून निघायचं आणि अक्का पलीकडून म्हणायची, "झाली बरी बाई."

फिजिओथेरपीची मुलगी यायची, तिने हातांसाठी एक उपाय सांगितला. परातीत धान्य घ्यायचं, त्यात हात खुपसायचा आणि बोटं मिटायची. "कुठलं पण धान्य चालेल, काकू."

घरात विमलबाईंची दादर होती. अर्धीच्या भाकऱ्या झाल्या, अर्धी परातीत आली.

पहिले कित्येक दिवस माझा हात त्या ज्वारीत नुसता पडून राहायचा. दाणे गार लागायचे. मिटायचा हुकूम मी बोटांना द्यायचे आणि बोटं ऐकायची नाहीत. आयुष्यभर हुकूम दिले, आणि आता पाच बोटं ऐकेनात. मग एक दिवस अंगठा हलला. मग एकदा दोन दाणे बोटांत अडकून वर आले. मी एवढ्याने ओरडले की हे कंबरेचा पट्टा बांधता बांधता धावत आले. आम्ही दोघं ते दोन दाणे बघत बसलो.

पाय आधी आले. वॉकर धरून खोलीत, मग अंगणात, मग शेवटी काठीवर मेहरूण तलावापर्यंत, मागून हे खुर्ची घेऊन. श्वासही आला, आता मी प्रार्थना एका दमात आमेनपर्यंत नेऊ शकते. हात मात्र रेंगाळले. डॉक्टर म्हणाल्या, बोटांची पूर्ण ताकद यायला वेळ लागेल. कदाचित सगळी येणारही नाही.

उपकारस्तुती

आमच्यात माणूस आजारातून उठलं की घरी उपकारस्तुतीची सभा ठेवतात. लोक जमतात, गाणी होतात, उठलेला माणूस आपली साक्ष देतो, सगळे मिळून चहा-फराळ करतात. सगळे मला विचारत होते, कधी ठेवता? मी म्हणत होते, जरा हात नीट होऊ दे.

मनात चित्र तयार होतं. मी उभी राहून साक्ष देणार, लाडू स्वतः वळणार, आणि बाकी राहिलेली परतीची मूठ गच्च भरून पिशवीत टाकणार. म्हणजे सगळं फिटलं.

हे म्हणाले, "हात नीट झाला नाही तर आभार मानायचे नाहीत का?"

मुकं माणूस बोलायला लागलं की हा एक त्रास असतो.  मी पुढच्याच बुधवारी सभा ठेवली.

घर भरलं. पाळकसाहेब आले, आयसीयूतल्या त्या डॉक्टरही थोडा वेळ येऊन गेल्या. सुरेखा धरणगावहून एसटीने आली, तिच्या सासूला घेऊन. म्हातारीने आल्या आल्या विचारलं, आधी जेवण कोणाला. लाडू दुसऱ्यांनी वळले होते आणि ते लहानमोठे होते.

साक्ष द्यायला उभी राहिले आणि लगेच खुर्ची मागितली. बसून दिली. तयार केलेली वाक्यं निम्मी विसरले. मी सांगितलं की मला माझ्या श्वासाचा मालक कोण ते कळलं, आणि माझी भाकर कोणाच्या हातून येते तेही. मग सगळ्यांनी मिळून प्रभूची प्रार्थना म्हटली. भाकरीच्या ओळीपाशी मी अजून थांबते. दम संपतो म्हणून नाही. तिथे थोडं थांबावंसं वाटतं. सगळे पुढे गेले, मी मागून आमेन म्हटलं.

मग विमलबाई उठल्या. परात माझ्या मांडीवर ठेवली आणि पिशवीचं तोंड उघडून समोर उभ्या राहिल्या. 

मी हात दादरीत घातला. बोटं मिटली. उचलला. परातीपासून पिशवीपर्यंत हातभर अंतर. पण बोटांच्या फटींतून दाणे सुटायला लागले, ते मांडीवर, फरशीवर, पाळकसाहेबांच्या पायांपर्यंत गेले. पिशवीशी पोचले तेव्हा हातात थोडेसेच उरले होते. ते टाकले. पिशवीत पडल्याचा आवाजही आला नाही.

विमलबाईंनी वाकून पिशवीत पाहिलं. मग माझ्याकडे. चेहरा अगदी गंभीर.

"बाई, मूठ म्हणजे मूठ. चिमूट नाही."

कोणाला हसावं की नाही कळेना. सगळ्यांत आधी मी हसले. इतकी हसले की परात हलायला लागली आणि यांना ती धरावी लागली. मग सगळे हसले, म्हातारीसुद्धा, तिला काही कळलं नव्हतं तरी.

"मग आता काय करू?" मी विचारलं.

"करता काय? घाला परत हात."

मी पुन्हा हात घातला, पुन्हा बोटं मिटली. या वेळी विमलबाईंनी आपला तळवा माझ्या मुठीखाली धरला आणि आमचे दोन हात एकदम पिशवीपर्यंत गेले. सुटले ते दाणे त्यांच्या तळव्यावर पडले. त्यांनी ते माझ्या दाण्यांवर ओतले आणि पिशवीचे बंद ओढले. त्यात माझे किती, त्यांचे किती, हे निवडत बसायला कोणाला वेळ नव्हता. आत चहा उतू चालला होता, आणि त्या पिशवीला संध्याकाळी दुसऱ्या एका आजाराच्या घरी जायचं होतं.